करुणेची ड्युटी किती वाजता सुटते?

वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, सुरू आहे. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी सात वाजता ग्रंथवाचन असतं. आषाढी पौर्णिमेला सुरू झालं, आश्विन पौर्णिमेपर्यंत चालेल. वाचन झालं की विचारतात, कुणाला काही शंका? सगळे नकारार्थी मान हलवतात. मग बाहेर पायरीवर चपला शोधताना शंका निघतात. "सिस्टर, करुणेचं वाचलं ना आज, पण माझ्या नणंदेचं काऊन करू मी?" या सदरात मी त्या पायरीवरच्याच शंका घेते, फक्त पत्रातून आलेल्या.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी भन्ते नाही, पालीची पंडित नाही. इथल्या एका सरकारी रुग्णालयात बत्तीस वर्षं परिचारिका होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. पाली शिकले ती निवृत्तीनंतर, तीही मोडकीतोडकी. त्यामुळे माझ्या उत्तरांत सुत्ताच्या, म्हणजे बुद्धवचनाच्या, शेजारी बेडपॅन येतो. ज्यांना हे खटकतं त्यांनी संपादकांना कळवावं. आतापर्यंत तिघांनी कळवलंय.

प्रश्न : सिस्टर, जयभीम. माझं वय सत्तेचाळीस. सासूबाईंना मागच्या दिवाळीनंतर लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही नीट येत नाही. सगळं अंथरुणावरच. लग्न झाल्यापासून या बाईनं मला घालूनपाडून बोलण्याशिवाय काही केलं नाही. मला मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात बघायलासुद्धा आल्या नाहीत. आता त्यांचं हागणंमुतणं मीच काढते. दीर हिंगण्याला राहतो, रविवारी येतो, आईच्या पाया पडतो आणि जातो. नवरा चारचौघांत म्हणतो, 'हिच्यासारखी करुणामयी बाई नाही.' ते ऐकलं की मला चीड येते, कारण माझ्या मनात करुणाबिरुणा काही नाही. परवा त्यांनी मुद्दाम भात थुंकला तेव्हा माझा हात उचलला गेला. मारलं नाही, पण उचलला गेला. सकाळी वंदनेत 'सब्बे सत्ता सुखी होन्तु', सगळे जीव सुखी होवोत, असं म्हणताना मी ते शब्द गिळते. मी ढोंगी आहे का? (मानेवाडा, नागपूर)

ताई, ढोंगी बाई हात उचलला गेल्याचं परक्याला कळवत नाही. तेवढा विषय संपला.

आधी भाताचं बोलू. 'मुद्दाम थुंकला' असं तुम्ही लिहिलंय. मी तिथं नव्हते, पण लकव्याचे पेशंट पुष्कळ पाहिलेत. लकव्यात हातापायाबरोबर घसाही अधू होऊ शकतो. मोकळ्या भाताची शितं लुळ्या बाजूच्या गालात साठत जातात, घशाखाली उतरत नाहीत, ठसका लागतो आणि माणूस घाबरून घास बाहेर काढतो. भरवणाऱ्याला वाटतं, थुंकला. बोलता येत नसेल तर बिचाऱ्या सांगणार तरी कशा? भरवताना त्यांना पाठीशी उशा लावून पूर्ण बसवा, हनुवटी जराशी छातीकडे. वरणभात चांगला घोटून आसट करा. चमचा छोटा घ्या आणि घास डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूनं द्या. तोंड रिकामं झालेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसरा घास नाही. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. पाण्यानंही ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज घरघरत असेल किंवा ताप येत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. अन्न श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होतो. हे सगळं करूनही त्या थुंकल्या तर मग मुद्दाम थुंकल्या असं समजू, आणि मग रागाचं बघू.

आता एक गोष्ट. विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, महावग्गात आहे, पण आपल्याकडे प्रवचनांत फारशी ऐकू येत नाही. कदाचित तिला वास येतो म्हणून. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. बुद्ध आनंदाला घेऊन विहारातल्या निवासांतून फिरत फिरत तिथं पोचले. म्हणजे आमच्या भाषेत राउंडला आले. त्यांनी विचारलं, तुझं करायला कुणी नाही का? भिक्खू म्हणाला, नाही भगवन्. का नाही? तर म्हणाला, मी कधी कुणा भिक्खूच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही माझं करत नाहीत.

ताई, हे उत्तर पुन्हा वाचा. तुमच्या सासूबाईंना बोलता आलं असतं तर त्याही हेच म्हणाल्या असत्या. यावर बुद्ध त्या भिक्खूला 'असं कसं, तू चांगलाच आहेस' म्हणाले नाहीत. त्याचा हिशेब चूक आहे असंही म्हणाले नाहीत. आनंदाला म्हणाले, पाणी आण. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून धरलं, आनंदानं पायाकडून, आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजवलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं ते निवृत्तीनंतर, घरी, दुपारी. पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. एकीनं डोक्याकडून, एकीनं पायाकडून, बत्तीस वर्षं मी याहून वेगळं काय केलं होतं?

पुढचा भाग तुमच्या नवऱ्याला वाचून दाखवा. बुद्धांनी सगळ्या भिक्खूंना जमवलं आणि म्हणाले, तुमचं करायला इथं ना आई आहे ना बाप. तुम्ही एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. एवढं वाक्य आपल्याकडे भिंतीवर लिहिलेलं असतं. त्यापुढं बुद्धांनी चक्क ड्युटी लावून दिली, ती मात्र कुणी लिहीत नाही. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्यानं करावं. आचार्य असेल तर त्यानं. शिष्य असेल तर शिष्यानं, गुरुबंधू असेल तर त्यानं. यातलं कुणीच नसेल तर संघानं करावं, आणि संघानं टाळलं तर संघाला दोष लागेल. ज्याच्या मनात करुणा दाटून येईल त्यानं करावं, असं त्यात कुठंही नाही. नात्यानं जवळ कोण, ते बघून नावं लावली.

तुमच्या घरात सर्वांत जवळचे दोघं आहेत, त्यांचे दोन मुलगे. त्यातला एक कौतुक करतो, दुसरा पाया पडतो. तुमचं नाव यादीत फार खाली येतं हो. एका कागदावर दिवसाचे तीन भाग पाडा. लकव्याच्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी, टाचांवर, खुब्यावर बेडसोर होतात. दोन तासांनी म्हणजे रात्रीही. रात्रीची कूस नवऱ्याच्या नावावर लावा. रविवार दिराचा, सकाळच्या अंघोळीसकट, पाया अंघोळीनंतर पडायचं. आणि नवरा पुन्हा चारचौघांत 'करुणामयी' म्हणाला तर तिथल्या तिथं बेडपॅन हातात द्या.

त्याच प्रकरणात आणखी एक मजेची गोष्ट आहे. शुश्रूषा करायला अवघड असा आजारी कोण, याची पाच लक्षणं बुद्धांनी सांगितलीत. जो पथ्य पाळत नाही, जो चांगल्या गोष्टीचंही प्रमाण ओळखत नाही, जो औषध घेत नाही, जो दुखणं खरंखरं सांगत नाही आणि जो वेदना सोसत नाही. मी हे वाचून मोठ्यानं हसले होते. आमच्या वॉर्डातले निम्मे पेशंट यात बसतील. तेव्हा काही आजारी माणसं खरोखरच जड जातात. तसं म्हटल्यानं करुणेला बाधा येत नाही, खुद्द बुद्धांनी यादी केलीय. शुश्रूषा करणाऱ्याचीही पाच लक्षणं तिथंच आहेत. त्यात घाण काढताना किळस करणारा नापास होतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी नापासच होते, नाकाखाली विक्स चोळून वॉर्डात शिरायची.

राहिलं 'सब्बे सत्ता'. ताई, मैत्रीभावना, म्हणजे दुसऱ्याचं भलं चिंतायचा सराव, सासूपासून सुरू करायची असं तुम्हाला कुणी सांगितलं? पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष नावाच्या भिक्खूंनी 'विशुद्धिमग्ग' हा ध्यानसाधनेचा ग्रंथ लिहिला, त्यात बजावलंय की सुरुवात वैऱ्यापासून करू नका, रागच उसळेल. सुरुवात स्वतःपासून. मग आदर वाटतो अशा माणसापासून, मग जिवलगापासून, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही असा कुणी, आणि शेवटी वैरी. तिथंच एक विलक्षण उदाहरण आहे. तुम्ही, तुमचं प्रिय माणूस, एक तटस्थ माणूस आणि एक वैरी असे चौघं बसलाय. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळी द्यायला एक द्या. कुणाला द्याल? आपल्याला शिकवलेलं असतं की चांगली बाई म्हणेल, मला न्या. बुद्धघोष म्हणतात, जो 'मला न्या' म्हणाला त्याचीही मैत्री अजून पुरी झाली नाही. चौघांतला एकही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हा ती पुरी झाली.

तुम्ही गेले आठ-नऊ महिने रोज 'मला न्या' म्हणताय. सध्या वंदनेत फक्त स्वतःचं नाव घ्या. बाकीचे शब्द गिळा, काही बिघडत नाही.

आणि हात पुन्हा उचलला गेलाच तर वाटी खाली ठेवायची, सासूबाई कलंडणार नाहीत एवढं बघायचं आणि अंगणात जायचं. नळाखाली दोन्ही हात कोपरापर्यंत धुवायचे, सावकाश. आम्ही हेच करायचो. एका पेशंटचं ड्रेसिंग मी चार महिने केलं. दारू पिऊन पडलेला माणूस, पाठीला मूठ जाईल एवढा बेडसोर, आणि तोंडात माझ्या आईवरून शिव्या. मला तो शेवटपर्यंत आवडला नाही. जखम भरली, चालत घरी गेला. जाताना वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं, आणि खरं सांगू, मीही वाट पाहत नव्हते.

प्रश्न : मी तेवीस वर्षांची आहे. सीताबर्डीजवळ अभ्यासिका लावलीय, राज्यसेवेची तयारी करते. मार्च २०२५ मध्ये आपल्याच शहरात संचारबंदी लागली होती तेव्हापासून मला मोबाईलवर बातम्या बघायची सवय लागलीय. इथलं शांत झालं, पण आता युद्धांचे व्हिडिओ बघते. ढिगाऱ्याखालची मुलं. रात्री दोन-अडीच वाजतात. बंद केलं तर अपराधी वाटतं की त्यांचं एवढं चाललंय आणि मी झोपू कशी. अभ्यास होत नाही. मैत्रीण म्हणते तू फार करुण मनाची आहेस. हीच करुणा का? (कु. आ., नागपूर)

बेटा, मैत्रिणीला सांग, नाही.

पुन्हा बुद्धघोषांकडेच जाऊ. त्यांनी प्रत्येक चांगल्या भावनेचे दोन शत्रू सांगितलेत, एक लांबचा, एक जवळचा. करुणेचा लांबचा शत्रू क्रौर्य. तो ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो, तिचेच कपडे घालून येतो, आणि घरात शिरला की सगळं बसकण मारून खातो. व्हिडिओ बघून झाल्यावर आपण त्या लेकरासाठी काहीतरी केलं असं वाटतं. पण त्याच्यापर्यंत काहीच पोचलेलं नसतं. तुझी झोप मात्र गेलेली असते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुलांच्या वॉर्डात होते. पावसाळा, गॅस्ट्रोची साथ. एका रात्री सव्वा वर्षाचं पोर माझ्या हातात गेलं. मी स्टोअरच्या दाराआड उभी राहून रडत होते. आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या, त्यांची मराठी त्यांचीच होती. त्या आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाच मिनिट रड. मग सात नंबरचा सलाइन बघ, संपत आला." तेव्हा मला त्या दगडाच्या वाटल्या. सात नंबरवर कोण होतं ते मला अजून आठवतं, एक मुलगी होती, केसांना लाल रिबीन. ती जगली.

पाच मिनिटं त्यांनी मला दिली होती, हे लक्षात घे. रडू नको म्हणाल्या नाहीत.

'विशुद्धिमग्गा'तच चार मुलांच्या आईचा दाखला आहे. एक मुलगा तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यातला आणि एक आपल्या कामाधंद्याला लागलेला. तान्हा मोठा व्हावा असं तिला वाटतं, ती मैत्री. आजारी बरा व्हावा, ती करुणा. तरण्याचं सुख टिकावं, ती मुदिता. आणि कामाला लागलेल्याची ती काळजी करत बसत नाही, ती उपेक्षा, म्हणजे दुर्लक्ष नव्हे, समतोल मन. आई चौघांचीही असते. पण चौघांच्या उशाशी एकाच वेळी बसत नाही.

तुझ्या हाताच्या अंतरावर आजारी मुलगा कोण आहे ते शोध. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते का? काही तासांत एवढा पाऊस पडला की अंबाझरी ओसंडलं, नाग नदी घराघरांत शिरली. माझी भाची नदीकाठच्या एका वस्तीत राहते. सकाळी आम्ही गेलो तेव्हा फ्रिज आडवा होऊन चिखलात पडला होता. दुपारपर्यंत तीन गट खिचडी घेऊन आले, तिघांनीही फोटो काढले. खिचडी उरली, कुत्र्यांना घातली. मग एक मुलगा आला, तुझ्याच वयाचा असेल. हातात काही नव्हतं. त्यानं विचारलं, "काकू, घरात कोरडं काय उरलंय?" काहीच नाही म्हटल्यावर तो गेला आणि तासाभरानं बायकांचे गाऊन, आतले कपडे, सॅनिटरी पॅड आणि काडेपेट्यांचं एक पुडकं घेऊन आला. काडेपेटी! सगळ्या घरांतल्या भिजल्या होत्या आणि ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळी, वीस मिनिटं, बसून वाच. बघू नको, वाच. फोन रात्री दुसऱ्या खोलीत. महिन्यातला एक रविवार कुणाला तरी 'कोरडं काय उरलंय' विचारायला ठेव. काय करायचं सुचत नसेल तर रक्तपेढीत जा, तुझं वय रक्त द्यायचं आहे. आणि दोन आठवड्यांत झोप परतली नाही, जेवण जाईनासं झालं, तर हा धम्माचा प्रश्न राहत नाही. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. कर फोन. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाताना आपण लाजतो का?

प्रश्न : पंचशीलात प्राणिहिंसा वर्ज्य आहे. आमच्या कूलरच्या टाकीत अळ्या झाल्यात. औषध टाकलं तर हिंसा, नाही टाकलं तर डेंग्यू. काय करावं? (जरीपटका)

भाऊ, जुलै उलटला आणि कूलरमध्ये अजून पाणी आहे? टाकी आधीच रिकामी केली असती तर हा पेच पडलाच नसता. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. घासणीनं खसाखसा घासा. आता ज्या अळ्या झाल्यात त्यांचं पाणी कोरड्या मातीवर ओता आणि पाप लागलंच तर माझ्या नावावर लिहा. शेजारची चार वर्षांची पोर प्लेटलेट कमी झाल्या म्हणून ॲडमिट होते तेव्हा तिच्या आईला पंचशीलाचं कारण सांगून बघा.

प्रश्न : सिस्टर, बुटीबोरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. माझा वरिष्ठ जातीवरून बोलतो. आधी आडून बोलायचा, आता कँटीनमध्ये सगळ्यांसमोर. 'तुमचं काय बाबा, तुमचा तर कोटा असतो.' खासगी कंपनीत कुठला कोटा? गेल्या आठवड्यात त्यानं सरळ जातीचं नाव घेऊन शिवी दिली. तक्रार करायची म्हटलं तर आई म्हणते, आपण बुद्धाची लेकरं, त्याच्यावर करुणा ठेव, सोडून दे. मित्र म्हणतात, करुणा हे दुबळ्याचं सोंग आहे. मी मधे अडकलोय. (वय ३१)

दादा, मित्रांचं चूक आहे आणि आईचंही. पण आईचं का चूक, ते जरा हळू सांगते, कारण ती भीतीपोटी बोलतेय. पोराची नोकरी जाईल ही तिची खरी भीती, करुणेचं नाव तिनं वरून पांघरलंय. माझ्या आईनंही तेच केलं असतं.

माझी आई १४ ऑक्टोबर १९५६ ला पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर होती. बावीस प्रतिज्ञा तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या. अक्षरओळख नव्हती, पण एकही इकडची तिकडे व्हायची नाही. तुझ्या आईला त्या प्रतिज्ञांचा क्रम विचार. सर्व प्राणिमात्रांवर दया करीन, ही तेरावी. सर्व माणसं समान आहेत असं मानतो, ही नववी. समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन, ही दहावी. समता आधी येते आणि ती नुसती मानायची नाही, स्थापन करायची आहे. शिवी गिळून समता स्थापन होत असती तर आपल्याला दीक्षा घ्यायची गरजच पडली नसती.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये करुणा आणि मैत्री यांत फरक केलाय. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व जीवांपर्यंत, आणि नुसती करुणा पुरेशी नाही, मैत्री हवी, असं त्यांचं म्हणणं. ही मैत्री शत्रूलाही वगळत नाही. मग शत्रूशी मैत्री म्हणजे काय? त्याच्याबरोबर कँटीनमध्ये चहा पिणं? माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलिमाल दरोडेखोराची गोष्ट तुला माहीतच आहे. पण लोक तिचा शेवट सांगत नाहीत. बुद्धांनी त्याला थांबवलं, ही पहिली गोष्ट. त्याच्या मनात खोल कुठं चांगुलपण आहे म्हणून त्याला पुढच्या माणसाकडे जाऊ दिलं नाही. तो भिक्खू झाला. पुढं भिक्षेला गेला तेव्हा कुणी ढेकूळ मारलं, कुणी काठी, कुणी खडा. डोकं फुटलं, पात्र फुटलं, चीवर फाटलं, तसाच रक्तानं माखून परत आला. बुद्धांनी त्याला कुशीत घेऊन 'लोक किती दुष्ट' म्हटलं नाही. म्हणाले, सोस, तुझ्याच कर्माचं फळ आहे. थांबवलं, सुधारायला जागा दिली, पण केल्याचं भोगणं माफ केलं नाही. तुझ्या वरिष्ठाच्या बाबतीत मैत्री अशीच दिसेल. त्याला थांबवायचं. त्याच्या पोराबाळांचं वाईट चिंतायचं नाही, त्याची जात काढायची नाही, खोटा शब्द एकही लिहायचा नाही.

तुला सांगते, मी हे वेळेवर केलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला आमच्यातली एक सिस्टर माझ्या डब्याला हात लावायची नाही. सगळ्यांच्या भाज्या फिरायच्या, माझी फिरायची नाही. "मले ॲसिडिटी आहे," म्हणायची. अकरा वर्षं ॲसिडिटी! आणि मी त्याला माझा समजूतदारपणा म्हणत राहिले. मग भंडाऱ्याकडची एक नवी पोरगी रुजू झाली, आपलीच. पहिल्या दिवशी तिनं सांबारवडीचा डबा सगळ्यांपुढं धरला. ती सिस्टर म्हणाली, मले ॲसिडिटी आहे. त्या पोरीचा चेहरा मी बघितला. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर विचारलं, "ही ॲसिडिटी कोणकोणत्या घरच्या जेवणानं होते, एकदा सांगून टाका." खोली गार पडली. ती सिस्टर माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. डबे मात्र फिरायला लागले. त्या अकरा वर्षांत माझ्या गप्प बसण्याचा कुणाला फायदा झाला असेल तर तिलाच झाला, आणि तोही वाईट फायदा.

आता कामाचं. आजच एक वही कर. तारीख, वेळ, जागा, तो नेमकं काय बोलला, समोर कोण होतं. त्याचे शब्द जसेच्या तसे लिही, लाज वाटली तरी. साक्षीदारांपैकी कोण बोलेल ते एकेकट्याला गाठून विचार, ग्रुपवर नको. लेखी तक्रार कंपनीत दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. चारचौघांत जातीवरून शिवी देणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्या वाटेनं जायचं की नाही हे वकिलाशी बोलून ठरव, रागात ठरवू नको आणि भीतीनंही नको. अर्ज देण्याआधी आईला पूर्ण वाचून दाखव. तिला त्यात कुठं खुन्नस दिसली तर ते वाक्य काढून टाक, बायकांना ते बरोबर दिसतं. पण अर्ज दे. आणि खाली तारीख घालायला विसरू नको. आमच्या वॉर्डात तारीख नसलेल्या कागदाला कुणी विचारायचं नाही.

या महिन्यापुरती जागा संपली. आणखी चार पत्रं पुढच्या अंकात घेईन. मानेवाड्याच्या ताई, चार्टवर दिराचं नाव लागलं की एक पोस्टकार्ड टाका, आणि घोटलेला भात उतरतोय का तेही लिहा.